बर्फ कुणाचा?

दुपारी आडवं पडून वाचायच्या पुस्तकांमध्ये हल्ली एक जात भलतीच फोफावली आहे. तो आइस हॉकी खेळतो, ती फिगर स्केटिंग करते. त्याचा एखादा दात पडलेला, नाक कधीतरी मोडून वाकडं जुळलेलं. तिचा अंबाडा इतका घट्ट की भुवयाही वर ओढल्या गेलेल्या. पहिल्या पानापासून हाडवैर. मग कुठल्याशा रिंकचं, म्हणजे स्केटिंगच्या बर्फाळ मैदानाचं, यंत्र बिघडतं, दोघांना एकाच रिंकवर सरावाची वेळ वाटून घ्यावी लागते, आणि पुढचं मी सांगायला नको.

परवा अशाच एका पुस्तकात मॅच संपली, प्रेक्षक गेले, दिवे निम्मे मालवले, आणि त्याने तिला हात धरून बर्फावर आणलं. आनंदाच्या भरात तिने तिथल्या तिथे डबल ॲक्सल, म्हणजे हवेत अडीच गिरक्यांची उडी, मारली. मी पुस्तक छातीवर पालथं टाकलं. अहो, त्या बर्फावर? तासन् तास डझनभर धिप्पाड माणसांनी करकचून ब्रेक मारलेला, चरे-खड्डे पडलेला तो बर्फ! आधी बर्फ सारखा करणारं ते झांबोनी यंत्र तरी फिरवा!

ही माझी जुनी खोड आहे. प्रेम कुणावर बसावं यावर माझं काही म्हणणं नसतं, पण बर्फाच्या बाबतीत मला हयगय खपत नाही. फ्रँक झांबोनीने कॅलिफोर्नियातल्या पॅरामाउंटमध्ये १९४९ साली ते यंत्र बनवलं, त्याआधी रिंक सारखी करायला माणसं तासाहून जास्त वेळ खपायची. यंत्र वरचा पापुद्रा तासतं, धुतं आणि मागे पाण्याचा पातळ थर सोडत जातं. तेही गरम पाण्याचा, म्हणजे जुना बर्फ किंचित वितळून नव्याशी एकजीव होतो. सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत सोन्या हेनी होती, १९२८, १९३२ आणि १९३६ अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकलेली नॉर्वेची फिगर स्केटर. तिला कळत होतं.

आणि बर्फ नुसता सपाट असून भागत नाही. हॉकीवाल्यांना तो कडक लागतो, उणे सहा-सात अंशांचा, म्हणजे चेंडूच्या जागी असते ती चकती सुसाट जाते आणि बर्फ लवकर उखडत नाही. फिगर स्केटिंगला उणे तीन-चारचा बरा. पात्याची कड त्यात रुतते, उडी मारून उतरताना गुडघ्यांना जरा कमी हादरा बसतो. म्हणजे या दोघांचं खरं भांडण स्वभावाचं नाहीच, तीन अंशांचं आहे. इतकं रसरशीत भांडण आयतं समोर असताना लेखक मंडळी गैरसमज, जुनी प्रेयसी आणि न पोचलेले मेसेज यांवर पानं का घालवतात, देव जाणे.

आमच्या लहानपणी बर्फ नव्हता, पण भांडण होतं. लोखंडी चार चाकांचे स्केट्स, बुटाच्या मापाला किल्लीने आवळायचे. दादा आणि त्याचे मित्र काठ्या घेऊन रबरी चेंडू बडवत सुटायचे. ताईला मधोमध गोल फिरायचं असायचं, एक पाय मागे उचलून, तोंडाने स्वतःच संगीत देत. तिचा गोल पुरा होत आला की नेमका चेंडू तिच्या घोट्यावर. शेवटी तिने किल्लीच गळ्यात अडकवली. कुणाचा स्केट ढिला झाला तर तिच्यापुढे पाय धरून उभं राहायचं, आणि ती आधी आपला गोल पुरा करणार. मी भिंतीला टेकून कधी याची बाजू घ्यायची, कधी तिची. मला स्केट्स मिळेपर्यंत चाकं जाम झाली होती.

पुढे कधीतरी माँट्रियलच्या त्या प्रसिद्ध मॅचबद्दल वाचलं आणि दादा-ताईच आठवले. ३ मार्च १८७५, व्हिक्टोरिया स्केटिंग रिंक. छपराखाली, ठरवून, जाहिरात करून खेळलेली पहिली आइस हॉकी. दोन्हीकडे नऊ-नऊ खेळाडू, चेंडूऐवजी लाकडाची चपटी चकती. रिंक बांधली होती हौसेने स्केटिंग करणाऱ्यांसाठी. मॅच संपल्यावर मारामारी झाली, डोकी आणि नडग्या सडकल्या, बाकं मोडली, बायका पळाल्या, असं तेव्हाच्या वर्तमानपत्राने छापलं. खेळाडू आपसात भिडले नव्हते, भांडण त्या रिंकच्या क्लबमधल्या स्केटिंगवाल्यांशी होतं. तेव्हा कादंबऱ्यांमधलं ते पहिल्या पानावरचं हाडवैर मी तरी खोटं म्हणणार नाही.

खोटं वाटतं ते पुढचं. त्याने तिला धडधाकटपणे उचलायचं, तिने त्याला थोडं हळवं करायचं. प्रत्यक्षात ती त्याला स्केटिंग शिकवते! बार्बरा अंडरहिल पेअर स्केटिंगची, म्हणजे जोडीने करायच्या फिगर स्केटिंगची, १९८४ ची विश्वविजेती. पुढे एनएचएलचे, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगचे, संघ आपल्या खेळाडूंना तिच्या हाताखाली पाठवू लागले: कड कशी वापरायची, वळताना वेग कसा राखायचा. हॉकीपटू जेफ स्किनर तर लहानपणी फिगर स्केटिंगच्या स्पर्धाच करायचा, आणि २०११ मध्ये एनएचएलचा सर्वोत्तम नवोदित ठरला. शिवाय हॉकी त्याचीच आणि स्केटिंग तिचंच का? बायकांची हॉकी १९९८ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. गोलरक्षक ती आणि चमचमत्या शर्टातला तो, असं एक तरी येऊ द्या की.

खरी जोडी विचाराल तर फिगर स्केटर क्रिस्टी यामागुची आणि हॉकीपटू ब्रेट हेडिकन. १९९२ च्या आल्बर्टव्हिल ऑलिंपिकमध्ये ओळख झाली. ती तिथून सुवर्णपदक घेऊन परतली, विशीत, आणि त्याच वर्षी व्यावसायिक झाली, म्हणजे स्पर्धांचा अध्याय जवळपास मिटलाच. त्याची एनएचएल तेव्हा कुठे सुरू होत होती. लग्न २००० मध्ये. त्याला स्टॅनली कप, एनएचएलच्या विजेत्यांचा चषक, मिळाला २००६ साली. तिच्या पदकानंतर चौदा वर्षांनी.

कादंबरीत हे सगळं एका हंगामात उरकतं. तिचं पदक आणि त्याचा चषक बहुधा एकाच आठवड्यात. या मधल्या वर्षांत तो सेंट लुईस, व्हँकूवर, फ्लोरिडा, कॅरोलायना असा संघ बदलत होता, ती आइस शोच्या दौऱ्यांवर होती. एकाचं मोठं यश मागे पडलेलं आणि दुसऱ्याचं अजून यायचंय, अशा घरात हरलेल्या मॅचनंतर जेवताना काय बोलत असतील? मला ते पुस्तक हवंय. डबल ॲक्सल नसली तरी चालेल.