तुम्ही विचारलंत म्हणून: जात्यावरच्या दोघींपैकी वाचली कोण?

बायबल स्टडी संपला की कोणीतरी हा प्रश्न विचारतंच, जास्त करून तरुण मुलं, की मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायात येशू म्हणतो, शेतात दोघं असतील, एक घेतला जाईल नि एक ठेवला जाईल, जात्यावर दोघी दळत असतील, त्यांचंही तसंच, मग ते रॅप्चरच ना, म्हणजे विश्वासणाऱ्यांना अचानक वर उचलून नेणं, आणि मी मागे राहिले तर? सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रचारकाने रॅप्चरची २३-२४ तारीख सांगितली, त्याचे व्हिडिओ जगभर फिरले, तेव्हा तर काही मुली रडवेल्या होऊन विचारत होत्या.

माझं उत्तर असं आहे की इथे जी घेतली जाते ती वाचत नाही, जी राहते ती वाचते.

हे मी मनाने सांगत नाहीये, वरच्याच ओळी बघा. येशू आपल्या परत येण्याची तुलना नोहाच्या दिवसांशी करतोय, ज्या नोहाला देवाने जलप्रलयातून तारवात वाचवलं, लोक खात होते, पीत होते, लग्नं करत होते, लावून देत होते, आणि जलप्रलय येऊन सगळ्यांना घेऊन गेला. त्याला लागूनच शेत आणि जातं येतं. आता पुराने नेलं कोणाला? नोहाला नाही, नोहा तर इथेच राहिला, याच पृथ्वीवर, आणि पाणी ओसरल्यावर त्याने वेदी बांधली. लूकच्या १७ व्या अध्यायात हेच बोलणं आहे आणि तिथे शिष्य विचारतात, कुठे, प्रभू? तर उत्तर मिळतं की जिथे प्रेत तिथे गिधाडं जमतील. मला तर हे स्वर्गात नेलेल्यांचं वर्णन वाटत नाही.

दुसऱ्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मत्तय २४ च्याच ३१ व्या वचनाचा आहे, देवदूत चारी दिशांकडून निवडलेल्यांना गोळा करतात ना, मग घेतलं जाणं चांगलंच झालं, शिवाय नोहालाही तारवात घेतलंच होतं. हा मुद्दा मला खरंच वजनदार वाटतो आणि तसं मानणाऱ्यांशी मी भांडत नाही. पण एक गोष्ट आपल्याकडे फार कमी जणांना माहितीये, अमेरिकेतल्या डॅलस सेमिनरीचे (पाळक घडवणाऱ्या कॉलेजचे) जॉन वॉल्वुर्ड, ज्यांनी आयुष्यभर रॅप्चर शिकवलं, त्यांनीही या जात्याच्या वचनातलं घेतलं जाणं न्यायासाठीच आहे असं लिहिलंय. म्हणजे रॅप्चर मानायचं तरी त्यासाठी हे वचन लागत नाही, ते लोक १ थेस्सलनीकाकरांस ४:१७ वर उभे असतात. आणि प्रभूला भेटायला आपण मेघांत उचलले जाऊ हे तर मीही मनापासून मानते, फक्त ते गुपचूप होईल आणि बाकीचं जग तसंच चालू राहील ही शिकवण १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या प्रचारकामुळे पसरली आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांतून घरोघरी गेली, त्याआधीची मंडळी कित्येक शतकं प्रभूच्या एकाच, सगळ्यांना दिसणाऱ्या येण्याची वाट बघत होती.

मला सगळ्यात जास्त थांबवतं ते वेगळंच. नोहाच्या काळच्या लोकांची पापं बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात आहेत, पण येशू इथे त्यातल्या एकाचंही नाव काढत नाही, जेवण आणि लग्नं एवढंच म्हणतो. दोघी बायका एकाच जात्यावर, एकच खुंटा धरून, बाहेरून बघणाऱ्याला दोघींत काही फरक दिसणार नाही. आणि त्याच्या येण्याचा दिवस पुत्रालाही ठाऊक नाही असं याच अध्यायाच्या ३६ व्या वचनात तो स्वतःच म्हणतो, मग तारीख सांगणाऱ्याचं ऐकायचं कशाला? अमेरिकेतल्या विल्यम मिलर या प्रचारकाच्या लोकांनी प्रभू येणार म्हणून २२ ऑक्टोबर १८४४ ची अख्खी रात्र वाट बघितली होती, कितीतरी जणांचा विश्वास त्यात मोडला.

आणि लहान मुलांना प्लीज या वचनाने घाबरवू नका, आई घरात दिसली नाही की रॅप्चर झाला म्हणून रडणारी मुलं मी पाहिलीत. त्यांना पुढचं वाचून दाखवा, २५ वा अध्याय संपेपर्यंत, म्हणजे घरच्यांना वेळेवर जेवण देणारा दास येतो, दहा कुमारी येतात, आणि शेवटी राजा विचारतो ते भुकेल्याला खायला दिलंत का, तुरुंगातल्याला भेटायला गेलात का, एवढंच.