तीन थापांपैकी दोन

नाटक प्रति सरकारच्या काळातलं, १९४३ सालचं. कुंडलच्या बाजूचं एक घर, घरात एकटी बाई, नवरा भूमिगत. पहिल्याच प्रवेशात दोघांची खूण ठरते: दारावर तीन थापा पडल्या तर आपला माणूस, दोन पडल्या तर काहीही झालं तरी दार उघडायचं नाही. पुढचं अख्खं नाटक या खुणेवर उभं आहे. राज्य नाट्य स्पर्धेचा प्रयोग होता, समोर परीक्षक बसलेले, ध्वनी माझ्याकडे. पहिल्या अंकाच्या शेवटी मी लॅपटॉपवर 'गो'चं बटण दाबलं आणि स्पीकरमधून दोनच थापा आल्या.

बाईचं काम करणाऱ्या काकू बँकेतून निवृत्त झालेल्या, रंगमंचावर चाळीस वर्षं काढलेल्या. संहितेप्रमाणे त्यांनी धावत जाऊन दार उघडायचं होतं. पण दोन थापांना दार उघडलं तर नाटकच खोटं पडतं. त्या कडीवर हात ठेवून थांबल्या. प्रेक्षागृहात खुर्ची करकरली तरी ऐकू येईल अशी शांतता. मग हळूच म्हणाल्या, "कोन हाय?" हे वाक्य संहितेत नाही. विंगेत उभ्या असलेल्या 'नवऱ्या'ला डोकं होतं म्हणून वाचलो. त्याने नेपथ्याच्या फळीवर स्वतः तीन थापा मारल्या. प्लायवूड ते प्लायवूडच, खोका वाजवल्यासारखा आवाज आला. पण तीन आल्या, दार उघडलं, अंकाचा पडदा पडला.

त्या प्लायवूडचा राग मला अजून आहे. माझ्या थापा मी एका जुन्या वाड्याच्या सागवानी दारावर रेकॉर्ड केल्या होत्या. मूठ मारली तर आवाज टणक येतो, म्हणून तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने मारून घेतल्या. एक माइक दाराच्या आत हातभर अंतरावर, दुसरा माजघरात, म्हणजे थापेमागून घराची पोकळी ऐकू यावी. आर्डर या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही ट्रॅक जुळवले आणि दुसऱ्या-तिसऱ्या थापेतलं अंतर किंचित वाढवलं; भिणारा माणूस तिसरी थाप मारण्याआधी मागे वळून बघतो. फाईलच्या सुरुवातीला मात्र तसूभरही मोकळी जागा ठेवली नाही. नाटकाला ध्वनी देणारा कोणीही ठेवत नाही. बोट पडलं की आवाज यायला हवा. आधी पाव सेकंद जरी रिकामा असला तरी नट दाराकडे बघतो आणि आवाज मागून येतो, आणि शिव्या आपल्याला पडतात.

प्रयोगाला मी लिनक्स शो प्लेयर वापरतो. नाटकातल्या सगळ्या ध्वनींची ओळीने यादी लावायची, गो दाबलं की पुढचा क्यू, म्हणजे यादीतला पुढचा ध्वनी, वाजतो. फेड, लूप, एकावर एक ध्वनी, सगळं त्यात आहे. लॅपटॉपवर डेबियन, लिनक्सचाच एक प्रकार. त्या लॅपटॉपची देखभाल माझ्याबरोबर काम करणारा मुलगा करतो. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं आणि दिवाळीच्या सुट्टीत त्याने लॅपटॉप १२ वरून १३ वर नेला. आधी सगळ्याचा बॅकअप घेतला, सूचना वाचल्या, मग प्रत्येक नाटकाची फाईल उघडून वाजवून बघितली. इतकं नीट काम मी भल्याभल्यांकडून होताना पाहिलेलं नाही. आर्डर ७.३ वरून ८.१२ वर गेलं, जुनी सेशन्स विनातक्रार उघडली, आम्ही खुश.

मध्यांतर दहा मिनिटांचं. दिग्दर्शक सर विंगेतून तरातरा आले. "म्हणून सांगत होतो, फुकटातलं सॉफ्टवेअर नको." आर्डर बनवणारे तयार प्रतीचे पैसे घेतात, फुकट असतो तो सोर्स, म्हणजे मूळ कोड, आणि थापा वाजवणारं सॉफ्टवेअर आर्डर नव्हेच, पण यातलं काहीही सांगायची ती वेळ नव्हती. मिक्सरवरचा आमचा चॅनल बंद केला, हेडफोन लावला.

मुलाने थापांचा क्यू वाजवला. तीन. पुन्हा वाजवला. तीन. पुन्हा. तीनच. "दादा, इथून तर बरोबर जातंय." म्हणजे नाट्यगृहाची केबल, असं म्हणून मी उठणारच होतो. केबलवर ढकललं की आपल्या धंद्यात सगळ्यांचं समाधान होतं. पण केबल खराब असेल तर खरखर होते, आवाज तुटतो, वाटेल तिथे जातो. बरोबर पहिलीच थाप खाऊन उरलेल्या दोन स्वच्छ सोडणारी केबल मी बघितलेली नाही.

टर्मिनलमध्ये पीडब्ल्यू-टॉप उघडलं. पाइपवायर हा आता लिनक्सवरच्या सगळ्या आवाजाचा वाहतूक पोलीस, आणि हे त्याचं आतलं चित्र दाखवणारं छोटं साधन. कुठलं साउंडकार्ड चालू आहे, किती फ्रेमच्या तुकड्यांनी चालू आहे, किती वेळा चुकलं, हे सगळं एकेका ओळीत. आमचा बफर, म्हणजे एकेक तुकडा, २५६ फ्रेमचा, सेकंदाला ४८,००० फ्रेमच्या दराने म्हणजे साधारण ५.३ मिलिसेकंद. चुकांचा रकाना शून्य. इतकं वेळेवर चालणारं यंत्र थाप खाईल कशाला?

त्याच ओळीत डावीकडच्या टोकाला एकच अक्षर असतं, त्याकडे सहसा कोणी बघत नाही. आर म्हणजे चालू, आय म्हणजे मोकळं, एस म्हणजे झोपलेलं. आमच्या कार्डापुढे एस होतं. मुलाने क्यू वाजवला, आर झालं. थापा संपल्या, आय झालं. आम्ही दोघं बघत राहिलो. पाच सेकंदांनी पुन्हा एस.

"आता दाब."

हेडफोनमध्ये दोन थापा. आणि टेबलावरच्या यूएसबी साउंडकार्डाच्या डबीतून एक बारीक टक्, आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, उघडल्याचा. पहिली थाप कार्ड जागं होईपर्यंत वाजून संपत होती.

मुलाने आधी लागोपाठ वाजवून पाहिलं तेव्हा तीन का आल्या, ते लगेच कळलं. पाच सेकंदांच्या आत पुन्हा दाबलं की कार्ड जागंच असतं. ज्या पद्धतीने कोणीही तपासणार, नेमक्या त्याच पद्धतीने हा दोष दिसत नाही. तांत्रिक तालमीत आपण क्यूवरून क्यूवर उड्या मारत जातो, तिथेही दिसला नाही. रंगीत तालीम तर पूर्ण झाली होती, घड्याळ लावून, तरी नाही, कारण तेव्हा त्या प्रवेशाखाली पाऊस होता. पावसाचा ट्रॅक चालू असेपर्यंत कार्डाला झोपायला फुरसतच नव्हती. प्रयोगाच्या आदल्या रात्री सर म्हणाले, "पाऊस काढा, मला तिथे संपूर्ण शांतता हवी." निर्णय उत्तम होता, आजही माझं तेच मत आहे. तो प्रवेश पावसाविना कितीतरी चांगला झाला. पण कार्डालाही ती शांतता ऐकू गेली.

तिसऱ्या घंटेला तीन-चार मिनिटं उरली असतील. दुसऱ्या अंकात थापा अजून दोनदा होत्या आणि त्यातली एक परमोच्च क्षणी. सेटिंग बदलायचं तर ध्वनीची सेवा बंद करून पुन्हा सुरू करायला हवी, आणि चालू प्रयोगात ते करणारा माणूस मला माझ्या टेबलाजवळ नको. यादीच्या तळाशी काढून टाकलेला पावसाचा क्यू तसाच पडला होता. मुलाने त्याचा आवाज उणे ६० डेसिबलवर आणला, लूपवर टाकला आणि सुरू केला. पीडब्ल्यू-टॉपमध्ये आर आलं आणि तिथेच राहिलं. संपूर्ण शून्य असलेली फाईल वाजवली असती तरी पाइपवायरला पुरलं असतं, पण काही कार्डं नुसता शून्य आला की स्वतःच्या अकलेने तोंड मिटून घेतात. जोखीम घ्यायची नव्हती. सरांनी काढलेला पाऊस दुसरा अंकभर पडत होता. तो कोणाला ऐकू आला नाही, आणि सरांना मी अजून सांगितलेलं नाही.

दोन्ही वेळा तीन थापा आल्या.

रात्री घरी येऊन मूळ शोधलं. झोपेची ही सोय नवी नाही. कार्ड रिकामं असेल तर ते मिटून ठेवायचं, वीज वाचते, लॅपटॉपची बॅटरी टिकते. पाच सेकंदांचा आकडाही जुनाच. म्हणूनच दोन वर्षांपूर्वी मी एका छोट्या फाईलमध्ये तो शून्य करून ठेवला होता, म्हणजे झोपूच नको. पाइपवायर स्वतः असले निर्णय घेत नाही. कुठलं कार्ड कधी उघडायचं, कुठला आवाज कुठे जोडायचा, हे वायरप्लंबर नावाचा त्याचा कारभारी ठरवतो. त्याच्या ०.४ मालिकेत ही सेटिंग्ज ल्युआ या प्रोग्रामिंग भाषेत लिहायची. मार्च २०२४ मध्ये ०.५ आलं आणि ल्युआतली सेटिंग्ज वाचणं बंद झालं. आता साध्या कंसांच्या मांडणीची वेगळी फाईल लागते, वेगळ्या फोल्डरमध्ये. हे काही लपूनछपून झालेलं नाही. प्रकल्पाच्या कागदपत्रांत जुन्यातून नव्यात कसं यायचं याचं स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ते चांगलं लिहिलंय.

पण डेबियन १२ मध्ये वायरप्लंबर ०.४.१३ होतं, १३ मध्ये ०.५.८. पाइपवायर ०.३.६५ वरून थेट १.४.२. जे लोक दर महिन्याला ताजी आवृत्ती घेतात त्यांना २०२४ च्या वसंतात एके दिवशी हा धक्का बसला, त्यांनी आरडाओरडा केला, दुरुस्ती केली, विसरले. आम्ही स्थिरतेसाठी डेबियन धरून बसलेली माणसं. आमच्याकडे जून २०२३ ते ऑगस्ट २०२५ मधलं सगळं एका दुपारी आलं, आणि दीड वर्ष जुन्या बदलाबद्दल तोपर्यंत कोणी बोलत नव्हतं.

मुलगा अस्वस्थ होता. "दादा, मी सगळ्या प्रश्नांची उत्तरं बघून दिली होती." खरंच दिली होती. डेबियन अद्ययावत करताना ईटीसी या अख्ख्या यंत्राच्या सेटिंग्जच्या फोल्डरमधली एखादी फाईल आपणही बदललेली असेल आणि नव्या आवृत्तीतही बदललेली असेल तर ते थांबून विचारतं: तुमची ठेवू की नवी घेऊ? माझी फाईल होम, म्हणजे माझ्या स्वतःच्या फोल्डरमधली. तिथे डेबियन हात लावत नाही, आणि लावूही नये. त्यामुळे फाईल होती तिथेच होती, माझी टिप्पणी होती, शून्य होता. फक्त ती वाचणारा कोणी उरला नव्हता. फाईल उडाली असती तर आम्हाला त्याच दिवशी कळलं असतं.

नवी फाईल लिहायला फार वेळ लागला नाही. नियम तोच, कार्डाच्या नावाचा नमुना द्यायचा, पुढे सेशन-सस्पेंड-टाइमआउट-सेकंड्स बरोबर शून्य. गंमत म्हणजे नवी मांडणी जुनीपेक्षा सोपी आहे. ल्युआत मी एकदा एक कंस विसरून अर्धी रात्र घालवलेली आहे, तेव्हा बदल केला त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

तरी मनातून जात नाही. नव्या आवृत्तीचे व्हिडिओ येतात तेव्हा नवे रंग, नवे प्लगिन, ऑटोमेशन, म्हणजे आवाजाच्या चढउताराची रेघ, आता हाताने काढता येतं, हे सगळं दाखवतात. आर्डर ८ चं ते फ्रीहँड रेखाटन मलाही आवडलं, रोज वापरतो. पण काय बंद झालं, हे कॅमेऱ्यापुढे कोणी सांगत नाही. वायरप्लंबर सुरू होताना जुन्या ल्युआ फाईली दिसल्या की लॉगमध्ये, म्हणजे स्वतःच्या नोंदवहीत, इशारा लिहितो खरा, पण तो पडद्यावर दाखवणं किती कठीण होतं? मुलाचं म्हणणं वेगळं. "लॉग तुम्ही कधी वाचता का?" बरोबर आहे. प्रयोगाआधी मी माइक तपासतो, केबल तपासतो, हॉलचा वीजपुरवठा तपासतो. लॉग वाचणारा ध्वनिवाला मला अजून भेटलेला नाही.

काकूंचं निराळंच. त्यांना ती "कोन हाय?"ची जागा आवडली, पुढच्या प्रयोगात ठेवू या म्हणतात. म्हणजे मी मुद्दाम दोन थापा सोडायच्या, आणि मग प्लायवूड. थापाच हव्या असतील तर सागवानाच्या देतो, पाचही, म्हणालो. सरांनी अजून ठरवलेलं नाही.

दरम्यान मुलाने ते जुनं फोल्डर पूर्ण उघडलं. त्यात ल्युआची आणखी एक फाईल निघाली, एचडीएमआयचा ध्वनी कायमचा बंद ठेवणारी, म्हणजे प्रोजेक्टर जोडला की आवाज तिकडे पळू नये. तीही दिवाळीपासून निकामी. या नाटकात प्रोजेक्टर नव्हता. जानेवारीतल्या बालनाट्यात आहे.