आमची वाटचाल : घड नसलेल्या बागेची सहल

बेळगावातील शहापूर भागात आमचा प्रवासी गाड्यांचा व्यवसाय सुरू झाला, तेव्हा आमच्याजवळ एकच जुनी गाडी होती आणि कामे दोनच प्रकारची होती : चोर्ला घाटातून गोव्याला माणसे पोहोचवणे आणि लग्नसराईत वऱ्हाड नेणे. आषाढ लागला की मुहूर्त संपत, घाटात धुके आणि दरडींची भीती असे, आणि जुलै ते सप्टेंबर गाडी दारात उभी राही. बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला द्यावाच लागे. या तीन महिन्यांसाठी काम शोधता शोधता आम्ही बेळगाव जिल्ह्यातीलच अथणीच्या द्राक्षबागांपर्यंत पोहोचलो.

द्राक्षे आणि वाइन म्हटले की आपल्याकडे प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे नाशिक येते. कर्नाटकाने 2007 साली वाइनविषयी स्वतंत्र धोरण आणले आणि कृष्णाकाठचे बेळगाव, विजयपूर, बागलकोट हे जिल्हे त्यात मोडतात, हे बेळगावात राहूनही आम्हाला फार उशिरा कळले.

आमची पहिली सहल फसली. हंगामात बाग चांगली दिसते म्हणून आम्ही फेब्रुवारीत चौदा जणांना घेऊन गेलो, आणि नेमकी त्याच दिवशी बागेत काढणी चालू होती. व्यापाऱ्याची गाडी बांधावर उभी, मजूर बायका घड कापून क्रेट भरत होत्या, आणि आमची माणसे त्यांच्या वाटेत येत होती. बागायतदार काका सभ्य माणूस. त्यांनी चहा दिला, पण दोन वाक्ये बोलायलाही त्यांना उसंत नव्हती. वर आम्ही एका दिवसात चार ठिकाणे ठरवली होती, त्यामुळे परतायला रात्रीचे अकरा वाजले आणि लहान मुले गाडीतच झोपली.

निघताना काका म्हणाले होते, “पावसाळ्यात या, तेव्हा बसून बोलू.” ते आम्ही मनावर घेतले. जुलैत पुन्हा गेलो, तर बागेत एकही घड नव्हता आणि काकांनी पूर्ण दुपार आम्हाला दिली. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, म्हणजे काढणी झालेल्या वेलीच्या जुन्या काड्या मागे छाटतात. त्यानंतर फुटलेल्या काड्या पावसाळ्यात पक्व होतात, आणि पुढच्या हंगामाचा घड याच काळात काडीच्या डोळ्यात, म्हणजे कळीत, सूक्ष्म रूपाने तयार होतो. ऑक्टोबरमध्ये घड येण्यासाठी केल्या जाणाऱ्या फळछाटणीनंतर जे बाहेर दिसते, ते आधीच ठरून गेलेले असते. काकांनी एक डोळा ब्लेडने उभा कापून भिंगाखाली धरला. त्या क्षणी आमच्यासोबतच्या निवृत्त शिक्षिका बाईंनी जे प्रश्न विचारायला सुरुवात केली, ते जेवणाची वेळ टळून गेली तरी संपले नाहीत. आमची सहल खऱ्या अर्थाने त्या दिवशी सुरू झाली, असे मी मानतो.

आता आम्ही एक बाग, द्राक्षे वाळवून बेदाणे करण्याची एक शेड आणि एक छोटी वाइनरी, एवढेच ठेवले आहे. सकाळी साडेसहाला बेळगावच्या संततधारेतून निघायचे. चिकोडी मागे पडली की पाऊस विरळ होत जातो आणि कृष्णा ओलांडल्यावर कोरडे, उघडे माळरान लागते. जेवण बागेतच : ज्वारीची भाकरी, झुणका, शेंगाचटणी, दही. शेडमधले रॅक या दिवसांत रिकामे असतात, त्यामुळे त्यांची रचना नीट पाहता येते. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, हे ऐकून त्याच्या भावाबद्दलची तक्रार बहुतेक जण मागे घेतात. वाइनरीतही धावपळ नसते. खाण्याच्या द्राक्षापेक्षा वाइनचे द्राक्ष लहान, जाड सालीचे आणि बियांचे का असते, लाल वाइनचा रंग सालीतूनच कसा उतरतो, हे तेथील लोक टाक्यांजवळ उभे राहून सावकाश सांगतात. आमच्याकडे येणाऱ्या अनेक कुटुंबांत दारूचे नावही काढले जात नाही. त्यांचा मान आम्ही राखतो. चव घेण्याचा आग्रह कोणालाही केला जात नाही, आणि चालकाने तर थेंबालाही स्पर्श करायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून आहे.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात कृष्णेवरचे पूल पाण्याखाली गेले, निपाणीजवळ महामार्गही बंद झाला. त्या महिन्याच्या सर्व सहलींचे पैसे आम्ही परत केले. ती रक्कम आमच्यासाठी मोठी होती आणि दोन हप्ते थकले. तेव्हापासून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी नदीकाठच्या ओळखीच्या लोकांना फोन करून पाण्याची पातळी विचारल्याशिवाय आम्ही गाडी काढत नाही.

आज आमच्या तीन गाड्या आहेत, आणि पावसाळ्यात त्यांतील दोन तरी दर शनिवारी-रविवारी अथणीच्या रस्त्यावर असतात. गेल्या जुलैत काडी पाहून गेलेल्या दोन कुटुंबांनी फेब्रुवारीत काकांना फोन करून त्याच ओळीतील द्राक्षांच्या पेट्या मागवल्या. अथणीहून परतणाऱ्या आमच्याच गाडीतून आम्ही त्या बेळगावात आणल्या आणि दोन्ही घरी पोहोचवल्या.