उपग्रहाचं अंतर मोजायचं कुठून? माझा अनुभव

भाची यंदा दहावीला, मालवणात. विज्ञान भाग १ चा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षण, त्यामुळे मामाची सुट्टी त्यातच गेली. सूत्र सरळ आहे: दोन वस्तुमानांचा गुणाकार, भागिले अंतराचा वर्ग, गुणिले जी, आणि जी (मोठा G, गुरुत्वीय स्थिरांक) म्हणजे ६.६७ गुणिले १० चा उणे ११ वा घात. पृथ्वी आणि चंद्राचं गणित पोरीने माझ्याआधी सोडवलं. साधारण २ गुणिले १० चा २० वा घात न्यूटन.

घोडं अडलं ते क्लासच्या सरावसंचात. १००० किलोचा उपग्रह, जमिनीपासून ४०० किमी उंच. पृथ्वी त्याला किती बलाने ओढते? छापील उत्तर २५ लाख न्यूटन. आमचं येत होतं ८,६५५. पुन्हा केलं, पुन्हा तेच. क्लासच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं तर दोन निळ्या टिका आणि शांतता. मग कधीतरी उत्तर आलं, "संचात आहे तेच लिहा." डोकंच फिरलं!

अहो, हाच उपग्रह जमिनीवर ठेवला तर त्याचं वजन ९,८०० न्यूटनच्या आसपास. लांब गेल्यावर ओढ कमी व्हायची की अडीचशे पट वाढायची? छापणाऱ्याने अंतर म्हणून नुसते ४०० किमी घातले होते. अंतर केंद्रापासून मोजायचं असतं: पृथ्वीची त्रिज्या ६,४०० किमी, अधिक ४००, म्हणजे ६,८००. त्याचे मीटर करायचे आणि मगच वर्ग. हे सगळं मांडून पाठवलं, तर म्हणे "परीक्षेला असं येत नाही." चूक मात्र आजही संचात जशीच्या तशी.

साध्या कॅल्क्युलेटरवर हे करायला जाऊ नका, उणे ११ वा घात त्यात मावतच नाही. आकडे वेगळे गुणा, घातांची बेरीज-वजाबाकी वेगळी करा. वर्ग करताना घातही दुप्पट होतो.

दाजींनी मध्येच विचारलं, जेटीवर शेजारी लावलेले दोन ट्रॉलर एकमेकांना ओढतात काय? प्रत्येकी २० टन, मध्यापासून मध्यापर्यंत ५ मीटर धरले. ट्रॉलर काही गोल नव्हे, म्हणून अंदाजच. पण बल निघालं ०.००१ न्यूटन, चार-पाच तांदळाच्या दाण्यांच्या वजनाएवढं. दाजी म्हणाले, "मगे नांगर टाकूक नको म्हण!" एवढीशी ओढ मोजायला इंग्रज शास्त्रज्ञ कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये शिशाचे दीडशे किलोंवरचे गोळे का घेतले, ते भाचीला तेव्हा पटलं.

आणि हो, प्रश्नात पृथ्वीचं वस्तुमान ६ गुणिले १० चा २४ वा घात दिलं असेल तर तेच घ्या. तिथे ५.९७ घालून हुशारी दाखवलीत तर शेवटचे आकडे जुळत नाहीत.