तर्री कूलरसमोर झोपली

काल रात्री पावणेबाराला माझी कुत्री तर्री आपणहून कूलरसमोर आली, ओल्या बोरीवर (गोणपाटावर) पोट टेकवलं, मागचे दोन्ही पाय बेडकासारखे पसरले आणि झोपली. मी जागचा हललो नाही. कानांवरचे बारीक तांबूस केस हवेनं सारखे उडून राहिले होते आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. मिनिटभर घड्याळ धरून श्वास मोजले: बावीस. मागच्या आठवड्यात याच वेळी ती दिवाणाखाली इतकी धापत होती की मोजताच येत नव्हतं.

एप्रिलमध्ये कूलर बसवला तेव्हापासूनची ही लढाई तुम्हाला माहीत आहे. नव्यानं आलेल्यांसाठी एवढंच सांगतो: आई पोमेरेनियन म्हणून मिळालेली, बाप गल्लीतला, वजन सहा किलो दोनशे, वय दीड वर्षं. जीव लावणारी, पण आवाजाला फार हळवी. कूलरचं बटण दाबलं की खोलीतून पळायची आणि हॉलमधल्या दिवाणाखाली शिरायची. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू असताना त्या दिवाणाखाली थर्मामीटरनं रात्री दहाला एकोणचाळीस दाखवले. कुत्र्याचं स्वतःचं तापमानच साधारण ३८.३ ते ३९.२ असतं. घाम येतो तो फक्त पंज्यांना, बाकी सगळी भिस्त धापण्यावर. बाहेरची हवाच अंगाएवढी तापली तर धापून किती निववणार? म्हणून हा प्रश्न मला हौसेपुरता कधीच वाटला नाही.

आधी जे जे केलं ते बहुतेक चुकीचं निघालं. मोबाइलवर कूलरचा आवाज रेकॉर्ड करून बारीक आवाजात ऐकवत होतो. दोन आठवडे. तर्री मजेत जेवायची आणि मला वाटायचं, जमलं. खरा कूलर लावला की पुन्हा दिवाण. मग जेवणाची वाटी कूलरजवळ ठेवली, तर तिनं त्या वाटीतच खाणं सोडलं. आजही ती वाटी पाहिली की मान फिरवते, नवी घ्यावी लागली. आणि एकदा तिला मांडीवर घेऊन जबरदस्तीनं कूलरसमोर बसलो. ती थरथरली आणि मांडीवरच मुतली. त्या दिवसाचं मला अजून वाईट वाटतं. लहान कुत्रं उचलता येतं म्हणून आपण उचलतो. तीस किलोच्या कुत्र्याशी असं वागायची कोणाची हिंमत झाली नसती.

कोडं माझ्या आईनं सोडवलं. दुपारी ती त्याच खोलीत पडलेली असते. म्हणाली, "अरे बाबू, ते कूलरले नाही भेत, दाराले भेते."

खरंच तसं होतं. खिडकीतला कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, ती हवा खोलीच्या दारातून हॉलकडे निघते आणि जाताना अर्धवट उघडं दार ओढून नेते. बटण, मग पंखा वेग घेतो, मग चार-पाच सेकंदांनी धाडकन दार. मोठ्या माणसाला तो आवाज सवयीचा, पण तर्री जमिनीलगत, बरेचदा उंबऱ्यावरच बसलेली. तिनं बटणाच्या 'टक्'वरून दार आपटणार हे ओळखायला शिकून घेतलं होतं. ट्रिगर बटण होतं, भीती दाराची होती, आणि मी मधल्या पंख्याच्या आवाजावर डिसेन्सिटायझेशन (हळूहळू सवय लावून भीती घालवणं) करत बसलो होतो.

पहिलं काम दार. दुकानातला प्लॅस्टिकचा डोअर स्टॉपर आमच्या टाइल्सवर घसरतो, तो घेऊ नका. जुन्या रबरी चपलेची टाच तिरपी कापून दाराखाली सारली, ती इंचभरही हलत नाही.

नुसतं दार थांबवून भागलं नाही, कारण 'टक्' तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मग कूलरचा प्लग काढला आणि नुसतं बटण: टक्, लगेच उकडलेल्या कोंबडीचा मुगाएवढा तुकडा. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. आवाज आधी, खाऊ नंतर, हा क्रम उलटू देऊ नका. खाऊची पुडी आधी वाजली तर कुत्रं पुडी शिकतं, बटण नाही. पहिले तीन दिवस ती तुकडा घेऊन दूर जाऊन खायची. चौथ्या दिवशी 'टक्' झालं, तिचे मागे पडलेले कान पुढे आले आणि तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. त्या एका नजरेसाठी दीड महिना गेला होता.

पुढे नुसता पंप. पाण्याचा टपटप आवाज तिनं लगेच मान्य केला, आणि पंप आधी लावला की गवत भिजून तयार राहतं, हा फायदा वेगळा. यंदा कूलरला हनीकोम्ब (जाळीदार पुठ्ठ्याचं) पॅड न लावता साधं गवत लावलं. हनीकोम्ब टिकतं जास्त, पण गवताचा वास आणि गारवा मला बरा वाटतो. अडलं पंख्यावर. आमच्या बटणात पहिला टप्पाच फुल स्पीड आहे, हळू नंतर येतो. म्हणून आम्ही फिरायला निघालो की आई कूलर लावून हळूवर आणून ठेवायची. परत आलो की चालू कूलरच्या खोलीत शिरायचं, सुरुवातीचा धडाका नाहीच. सहाव्या दिवशी, म्हणजे काल, ती झोपली.

बाकी थोडक्यात. फिरणं सकाळी पाच-सव्वापाचला फुटाळा तलावाकडे आणि रात्री साडेआठनंतर. डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवून बघतो, चटका बसला तर परत. गळ्यात पट्टा नाही, हार्नेसच. लहान कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते. बोटांच्या बेचक्यात दोन गोचीड सापडल्या, चिमट्यानं अगदी कातडीलगत पकडून सरळ ओढून काढल्या. गोचीडताप येऊ शकतो, म्हणून आता दोन-तीन आठवडे भूक आणि हिरड्यांच्या रंगावर लक्ष. एका ग्रूमिंगवाल्यानं उन्हाळ्यासाठी 'झिरो कट' सुचवला, मी नाही म्हटलं. पोमचा दुहेरी कोट कातडीला उन्हापासून आडोसा देतो आणि मशीन फिरवल्यावर तो नीट परत येईलच असं नाही. रुंद दातांच्या लोखंडी कंगव्यानं अंडरकोट (आतले मऊ केस) विंचरला की पुरतं. जेलची कूलिंग मॅट तिनं तीन दिवसांत फाडली. जेल पोटात जायच्या आधी फेकली. पाण्यात भिजवून पिळलेली बोरी तिच्यापेक्षा दसपट चांगली.

पुढचा बेत नखांचा होता, क्लिपर घेऊनही ठेवला आहे. पण हे लिहिता लिहिता लक्षात येतंय की मी दाराखाली चप्पल सारली, दाराची भीती तशीच राहिली. जूनच्या मध्यावर पाऊस आला की दमट हवेत कूलर कुचकामी होतो, बंद करून टाकतो. मग पोळा, आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला नागपुरात मारबतीची (पुतळ्यांची) मिरवणूक, ढोल-ताशे. त्यानंतर दिवाळी. धाडकन होणारा आवाज हाच जर तिचा मूळ प्रश्न असेल, तर सराव दारापासूनच करायला हवा. तोच आवाज असा आहे की तो किती मोठा करायचा हे पूर्णपणे माझ्या हातात आहे.

तर नखं थांबतील. आज संध्याकाळपासून दार: आधी बोटभर उघडं ठेवून हातानं हळूच टेकवायचं, आवाज जेमतेम, लगेच तुकडा. तिनं तुकडा तिथल्या तिथे खाल्ला तरच उद्या दोन बोटं. दूर नेऊन खाल्ला तर पुन्हा एक बोट. पावभर कोंबडी उकडायला टाकली आहे, आणि तर्री आत्ताच ओट्याखाली येऊन बसली आहे.