गच्चीवरचा मका आणि पोंग्यातली अळी

आईला आधी ती बुरशी वाटली. मक्याच्या पानाच्या पाठीवर करड्या लोकरीसारखा, नखाएवढा ठिपका. तिने तो नखाने हलकेच खरवडला तर खाली बारीक अंडी, एकमेकांना चिकटून थरावर थर. "अगं, बुरशी कसली! कुणीतरी अंडी घालून वर पांघरूण घातलंय," ती म्हणाली. मुलुंड पूर्वेला आमच्या इमारतीच्या गच्चीवर आम्ही दोघी वाकून उभ्या होतो. जून संपत आला होता आणि रोपं जेमतेम वीतभर झाली होती.

बाबा गेल्यावर आणि गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर आईला मी येवला तालुक्यातून इकडे आणलं. तिचं सगळं आयुष्य मका, कांदा आणि बाजरीत गेलेलं, तिला इथे करमेना. सोसायटीची परवानगी काढली, निळे प्लॅस्टिकचे पिंप अर्धे कापून सहा कुंड्या केल्या आणि प्रत्येकीत मधुमक्याची चार झाडं लावली. कुंड्या एका ओळीत ठेवू दिल्या नाहीत तिने. मक्याचं परागीभवन वाऱ्यावर होतं. तुऱ्यातले पराग शेजारच्या कणसाच्या केसांवर पडले नाहीत तर कणीस अर्धवट भरतं. म्हणून सगळ्या कुंड्या दाटीने, चौकोनात.

मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे भिंग हाताशी असतं. तो पुंजका आम्ही चिरडला, पण दुसरा कुठला तरी नजरेतून सुटला होता. चार-पाच दिवसांनी काही पानांवर पांढुरके, पारदर्शक चट्टे दिसले, जणू कुणी पानाचा हिरवा थर खरवडून नुसता पापुद्रा ठेवला होता. भिंगाखाली काळ्या डोक्याच्या इवल्या अळ्या. एक तर स्वतःच्या धाग्याला लटकून वाऱ्यावर झुलत होती. अशाच झुलत त्या शेजारच्या झाडावर जातात. म्हणून एका झाडावर घातलेली अंडी पाच-सहा झाडांना भोवतात.

आईचं मत आधी खोडकिड्याचं होतं. तिच्या काळातला मक्याचा शत्रू तोच. तो खोडात शिरून आतला कोंब खातो, मधली पानं वाळतात आणि वाळलेला पोंगा, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांची गुंडाळी, ओढला की अलगद हातात येतो. आम्ही ओढून पाहिला, घट्ट होता. अळ्या जरा वाढल्यावर मी एक काढून नीट पाहिली. डोक्यावर इंग्रजी वाय उलटा काढल्यासारखी फिकट खूण आणि शेपटीकडून दुसऱ्या वळीवर चौकोनाच्या चार कोपऱ्यांसारखे चार काळे ठिपके. मग शंका राहिली नाही. ही अमेरिकन लष्करी अळी. मूळची अमेरिका खंडातली. २०१६ मध्ये आफ्रिकेत सापडली आणि २०१८ च्या मे महिन्यात भारतात पहिल्यांदा कर्नाटकात शिवमोग्याच्या परिसरात. त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही पोचली. आई तोवर शेतावर होती, पण गुडघ्यांमुळे बांधावरच बसायची. तिने हिचं नाव ऐकलं होतं, तोंड पाहिलं नव्हतं.

खालच्या मजल्यावरच्या काकू विचारत राहिल्या, एवढ्या सिमेंटात ही आली कशी? हिचा पतंग रात्री उडतो आणि वाऱ्याची साथ असेल तर एका रात्रीत शंभर किलोमीटरही जातो. मका तिला सर्वात प्रिय, पण ज्वारी, ऊस, भात, रानगवत धरून ऐंशीहून जास्त वनस्पतींवर ती जगते. चौथ्या मजल्यावरची गच्ची तिला काहीच लांब नाही.

एक गोष्ट मी मुद्दाम करून पाहिली. जॅमच्या रिकाम्या बाटलीत मक्याचं पान आणि चांगल्या वाढलेल्या तीन अळ्या ठेवल्या. सकाळी दोन होत्या. दुसऱ्या सकाळी एकच, आणि पान जवळपास शाबूत! मोठ्या झाल्यावर त्या एकमेकींना खातात. म्हणून एका पोंग्यात बहुधा एकच मोठी अळी सापडते. हे कळलं आणि माझी भीती बरीच कमी झाली. चोवीस झाडं म्हणजे फार तर चोवीस मोठ्या अळ्या. तेवढ्या हाताने वेचता येतील.

मग आमचा नेम ठरला. सकाळी साडेसहाला आई खुर्ची घेऊन गच्चीवर, संध्याकाळी शाळेतून आले की मी. तिसऱ्या मजल्यावरची सातवीतली मुलगी टॉर्च घेऊन यायची, कारण मोठी अळी दिवसा पोंग्यात दडते आणि अंधार पडला की बाहेर येते. पोंग्याच्या तोंडाशी ओल्या भुशासारखी विष्ठा दिसली की आत अळी आहे, हे ती पोर आमच्याआधी ओळखायला लागली. अळी चिमट्याने काढून साबणाच्या पाण्यात. ज्या झाडांचे पोंगे खोल होते तिथे आईने नऊ वाट्या कोरड्या वाळूत एक वाटी चुना मिसळून चिमूट-चिमूट घातली. वाळू अळीच्या अंगाला घासते. हा उपाय पेरणीनंतरच्या पहिल्या महिन्यातच उपयोगी पडतो.

निंबोळी अर्कही केला. भावाने गावाहून वाळलेल्या निंबोळ्या पाठवल्या होत्या. लिटरला पन्नास ग्रॅम भरड रात्रभर भिजवायची, सकाळी जुन्या सुती साडीच्या फडक्यातून गाळायची, थोडा साबण घालायचा. हाच तो पाच टक्के अर्क. त्याच्या वासाने अंडी घालायला आलेली मादी बिचकते आणि लहान अळ्यांचं खाणं सुटतं. मोठ्या अळीवर मात्र भरवसा ठेवू नये. मुंबईच्या पावसात त्याची दुसरी अडचण अशी की तो टिकत नाही. जुलैत दोन दिवस असा कोसळला की फवारलेलं सगळं धुऊन गेलं. पण त्याच पावसाने पानांवरच्या अगदी बारीक अळ्याही वाहून गेल्या. नंतर मोजलं तर तीनच झाडांवर ताजी खूण होती.

दयाळ आणि साळुंख्या यायला लागल्या तेव्हा आईने पिंपांच्या मध्ये दोन आडव्या काठ्या बांधल्या. शेतात पक्षीथांबे लावतात तसे. एक दयाळ रोज त्याच काठीवर बसायचा.

जुलैच्या पहिल्या आठवड्यातच भावाचा फोन आला. "ताई, दोन एकर गेलं बघ." त्याने फोटो पाठवले. पानांवर आडव्या ओळीत मोठमोठी भोकं, पोंगे भुशाने भरलेले. त्याने तिथल्या एका दुकानदाराच्या सांगण्यावरून दोन औषधं एकत्र करून फवारली होती, तीही भर दुपारी. अडीच हजार रुपये गेले आणि अळी जिथल्या तिथे. मला फार राग आला. दुकानदाराचा आलाच, पण जास्त याचा की माझ्याच भावाने वर आलेल्या चट्ट्यांकडे आठवडाभर पाहिलंच नाही. कांद्याच्या रोपांच्या गडबडीत होता, हेही खरं.

मोठी अळी पोंग्याच्या तळाशी बसते आणि तिच्याच विष्ठेने वरचं तोंड बुजतं. पानांवर कितीही औषध मारा, तिच्यापर्यंत पोचत नाही. फवारणी करायचीच तर सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर, नोझल थेट पोंग्यात धरून, आणि एका वेळी एकच औषध. आईने त्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि शेतात फिरवलं. "बांधावरून नको, आत शिर," असं दर दोन मिनिटांनी. इंग्रजी डब्ल्यूच्या रेषेत चालत पाच ठिकाणी थांबायचं, दरवेळी वीस झाडं पाहायची, म्हणजे शंभरातलं प्रमाण आपसूक निघतं. रोपं लहान असताना शंभरात पाचांवर ताजी खूण दिसली की उपाय सुरू करायचा, पोंगा मोठा झाल्यावर शंभरात दहा. त्याच्याकडे निघाली सत्तावीस.

त्याने एक फवारणी केली, इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी, लिटरला ०.४ ग्रॅम. पुढची गरज पडली तर तेच औषध पुन्हा नाही, गट बदलून क्लोरँट्रानिलीप्रोल, लिटरला ०.४ मिलि, हे मी त्याच्याकडून लिहून घेतलं. सारखं एकच मारत राहिलो तर अळी त्याला दाद देईनाशी होते. हातमोजे आणि तोंडाला फडकं याबद्दल आईने त्याला लहान मुलाला दरडावतात तसं दरडावलं. तुरा आल्यावर रासायनिक फवारणी नाही, हेही तिनेच बजावलं. कणीस माणसाच्या तोंडात जाणार आणि उरलेल्या झाडाचा मुरघास, म्हणजे मुरवलेला हिरवा चारा, गाईच्या.

एकरी पाच कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगाला ओढून घेणारे, त्याने लावले, उशिराच. ते पेरणीबरोबर लावायचे असतात, म्हणजे नर पतंग अडकायला लागले की अंडी येणार याची वर्दी मिळते. पुढच्या वर्षी बियाण्याला प्रक्रिया करून, कडेने नेपियर गवताच्या तीन-चार ओळी आणि आत तुरीचं आंतरपीक घेणार म्हणतोय. ते मी प्रत्यक्ष पाहीन तेव्हाच खरं मानेन. दर चार दिवसांनी मात्र तो आता त्या शंभर झाडांचा आकडा पाठवतो. सत्तावीसवरून अकरा, मग सहा. महिनाभर त्या आकड्याची वाट पाहताना मला लोकलमध्ये दुसरं काही सुचत नसे.

आमच्या गच्चीवर चोवीसपैकी बावीस झाडांना कणसं लागली. दोन कणसांच्या शेंड्याला अळीने खाल्लं होतं, तेवढा भाग कापून टाकला. ऑगस्टअखेरच्या एका रविवारी इमारतीतल्या सगळ्यांसाठी जाळीवर भाजली, लिंबू, मीठ, तिखट लावून. भाऊही आला होता. आईने त्याला सगळ्यात मोठं कणीस दिलं आणि तो खात असतानाच विचारलं, "आजचा आकडा घेतलास का?"

आठवड्यानंतर पावसाने उघडीप दिली तेव्हा तिने मला पिंप उपडे करायला लावले. माती ताडपत्रीवर पातळ पसरली. दोन-तीन बोटं खोलीवरच्या मातीतून चार कोष निघाले, तांबूस-तपकिरी, चकचकीत, खजुराच्या बीएवढे. एक तर बोट लावलं की शेपटी हलवत होता. नांगरट खोल का करायची ते आईने मला त्या चार कोषांवर दाखवलं. उन्हाने मरतात, नाहीतर पक्षी वेचतात. आम्ही पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभ्या राहिलो. दोन साळुंख्या उतरल्या, माती उकरायला लागल्या आणि दुपारपर्यंत ताडपत्रीवर एकही कोष उरला नव्हता. त्या मातीत आता मेथी पेरली आहे.