म्युनिकचा हिवाळा आणि माझं सायनस

नोव्हेंबरात धरलेली सर्दी जानेवारी सरत आला तरी हटेना. डावं गालफड ठणकायचं, बुटाची नाडी बांधायला वाकलं की कपाळात शिसं भरल्यासारखं व्हायचं. फोडणीतला हिंगही कळेना, तेव्हा मात्र घाबरले.

आई रोज फोनवर म्हणायची, "अगं, अँटिबायोटिक घे आणि मोकळी हो." मलाही तेच हवं होतं. इथे ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिलीच नाही. फार राग आला. पण त्यांनी समजावलेलं मला आधी ठाऊक असतं, तर दोन महिने वाचले असते.

सायनस म्हणजे कपाळ, गाल आणि डोळ्यांच्या आसपासच्या हाडांतल्या पोकळ्या, चार जोड्या. त्यांचा निचरा नाकात उघडणाऱ्या चिंचोळ्या वाटांनी होतो. अस्तर सुजलं की वाट बुजते, आत साचतं. दुखणं 12 आठवड्यांवर गेलं की जंतूंपेक्षा बहुतेकदा ही सूजच मूळ असते, आणि सुजेवर अँटिबायोटिक चालत नाही. (डोळ्याभोवती सूज आली, दिसायला धूसर झालं किंवा मान ताठली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.)

नाक झटकन मोकळं करणारा स्प्रे मी महिनाभर मारत होते. आठवड्यापलीकडे वापरला तर त्यानेच नाक उलट जास्त चोंदतं! तो सोडला, पहिल्या चार रात्री उशाला टेकून बसून काढल्या.

आता रोज सूज उतरवणारा स्टिरॉइडचा स्प्रे, दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यावर नाही, बाहेरच्या बाजूला रोखून. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. आणि त्याआधी नाक धुणं. इथल्या औषधाच्या दुकानात त्यासाठी 'नाझेनडूशे' मिळतं. हातात घेतलं आणि मोरीत जलनेती करणारे आजोबाच आठवले. उकळून कोमट केलेलं पाव लिटर पाणी, त्यात सव्वादोन ग्रॅम मीठ. मी वजनकाट्यावर मोजते, कारण मीठ कमी पडलं की नाक झोंबतं. बेसिनवर वाकायचं, तोंड उघडं ठेवायचं, एका नाकपुडीतून घातलेलं पाणी दुसरीतून येऊ द्यायचं. शेवटी हलकेच शिंकरायचं, जोर लावला की कानात दडे बसतात.

परवा वरणाला फोडणी घातली आणि हिंगाचा वास आला. पुसट होता, पण आला. आईला लगेच फोन केला. पुढच्या महिन्यात सीटी स्कॅन आहे. नाकाचा पडदा वाकडा आहे की आत पॉलिप, म्हणजे अस्तराची मऊ गाठ आहे, ते तेव्हा कळेल.